सात व्हॉल्व आणि बोरवंडची तोटी

निवृत्तीनंतर मी अमरावतीला मुलीकडे राहायला आलो. चारचौघांत माझी ओळख करून देताना ती सांगते, "बाबा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही हो, काय करावं?" मी सांगतो, खालच्या दोन मजल्यांशी भांडण काढा. लोक हसतात. मी मात्र गंमत करत नसतो, कारण नोकरीत मी दुसरं काही केलेलंच नाही.

माझी नोकरी अकोल्याकडची. खारपाणपट्ट्यातल्या सत्तेचाळीस गावांना धरणाचं गोडं पाणी नळाने पोचवणारी एक योजना होती. तिच्यावर मी शेवटची अकरा वर्षं काढली. खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसाच्या पोटात खडे असतात. म्हणून धरणाचं पाणी.

लोकांना वाटतं, इंजिनिअर पाणी आणतो. पाणी धरणात असतं, वर पंप चढवतो. आमचं काम ते अडवायचं. मोकळं सोडलं तर पाणी जवळच्या आणि उताराच्या गावांत शिरतं आणि तिथेच संपतं. दूरच्या गावाला ते पोचवायचं असेल तर जवळच्यांचं तोंड थोडं आवळावं लागतं. त्यासाठी जमिनीखाली व्हॉल्व असतात. कमरेएवढी लोखंडी चावी खड्ड्यात घालायची आणि वरचा आडवा दांडा फिरवायचा. एक फेरा म्हणजे एक आटा. आमच्या योजनेवर असे दीडशेच्या वर व्हॉल्व होते, आणि गावोगावी ते फिरवणारी माणसं. त्यांना ग्रामपंचायत मानधन देई, पण आमच्या पत्राखेरीज ठेवत वा काढत नसे. प्रत्येक जण आपल्या गावापुरता राजा. कोणी सकाळी दोन आटे जास्त खोले, की पुढचा त्याच्यावर राग धरून चार आटे खोले. दुपारपर्यंत सगळ्यांचे व्हॉल्व उघडे आणि नळ कोरडे.

या सगळ्याच्या शेपटाला खारवण नावाचं गाव. योजना सुरू झाल्याच्या दिवशी तिथे नळाला पाणी आलं होतं, ते फोटो काढण्यापुरतं.

खारवणचे नामदेवराव दर सोमवारी अकोल्याला आमच्या ऑफिसात येत. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी. अर्ज नाही, आरडाओरडा नाही. पिशवीतून विहिरीच्या पाण्याची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "साहेब, एक घोट घ्या."

मी म्हणायचो, "नामदेवराव, तक्रार लिहून द्या."

"लिवून कायले देऊ? पिऊन पाहा. मंग तुमीच लिवान."

अर्धा तास बसायचे, चहा घ्यायचे, बाटली तिथेच ठेवून जायचे. शिपाई ती बाटली मोरीत ओतायचा. वर्षभर हे चाललं. त्या माणसाचा मला वैताग येई आणि सोमवारी त्याला उशीर झाला की चुकल्यासारखंही वाटे. त्यांच्या चेहऱ्यावर सूज दिसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "किडनी. आमच्याकडे घरटी एक हाय. तुमाले नवल काय वाटून राहिलं?"

मी पातूरकडच्या माळ्याचा मुलगा. आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि वाफ्यांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे. शेवटचा वाफा आधी भरायचा, मग मागे मागे येत जायचं, असा वडिलांचा नियम. पाण्याच्या दांडात दोनतीनच जागा अशा असत की तिथे फावड्याने माती ओढली की अख्ख्या मळ्याचं पाणी वळे. बाकी वाफ्यांची तोंडं दिवसभर उघडझाक केली तरी चिखलाशिवाय हाती काही लागत नसे. एका सोमवारी नामदेवराव गेल्यावर वाटलं, सत्तेचाळीस गावं म्हणजे तरी काय, मोठा मळाच. दीडशे माणसांशी भांडण्यापेक्षा त्या दोनतीन जागा शोधाव्यात.

शोधायची रीत मी ठरवली ती पुस्तकी नव्हती. रोज एक व्हॉल्व घ्यायचा, चोवीस तास चार आटे आवळायचा आणि फोनजवळ बसायचं. काही व्हॉल्व आवळले तर कुत्रंही भुंकत नसे. काही आवळले की त्याच गावातून एखादा फोन येई. आणि काहींना हात लावला की अकरा अकरा गावांतून शिव्या. व्हॉल्वमनचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर तर माझ्या सात पिढ्यांचं बारसं व्हायचं. मी वहीत व्हॉल्वपुढे शिव्यांचा आकडा मांडत गेलो. पावसाळ्याआधी हिशेब स्पष्ट झाला. सात व्हॉल्व. गंमत अशी की त्यांतले चार आकाराने मधलेच होते, ज्यांच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पण लाइन फुटते त्या नेमक्या जागी ते बसलेले होते. हे सात माझ्या हातात आले की सत्तेचाळीस गावं हातात. बाकीचे एकदा योग्य आट्यांवर लावून साखळी-कुलूप घालायचे आणि विसरून जायचे.

या चाचणीतच बोरवंड आलं.

बोरवंड खारवणच्या अकरा किलोमीटर अलीकडे, जरा चढावर. तिथे व्हॉल्वही नव्हता, लाइनीवर बसवलेली एक इंची तोटी होती. तिच्यावर गुलाबराव नावाचा माणूस. पन्नाशीचा, कमी बोलणारा, अंगात कायम खाकी शर्ट. मी पोचलो तेव्हा तोटी उघडी होती आणि पाणी फुसफुसत बाहेर पडत होतं. ते ओघळून मागच्या परड्यात जात होतं आणि परड्यात, भर एप्रिलात, मेथीचे आणि सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, हिरवेगार वाफे. गुलाबरावांची बायको सांभार खुडत बसली होती. माळ्याच्या पोराला हिरवा वाफा लांबून दिसतो. मला जे कळायचं ते एका नजरेत कळलं.

"चोरून राहिला काय?" मी म्हणालो. मुद्दाम त्यांच्याच बोलीत आणि एकेरीत.

गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं, तोटी बंद केली आणि फडक्याने हात पुसले. "नाई साहेब," एवढंच म्हणाले.

तरीही नियमाप्रमाणे ती तोटी एक दिवस बंद ठेवून फोनजवळ बसलो. एकही फोन नाही. वहीत शून्य मांडलं. तोटीला कुलूप घातलं आणि गुलाबरावांना कामावरून कमी करण्याबाबत ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. तीन ओळींचं. कारण : पाणीचोरी. तसं अजून सव्वीस जणांना आम्ही कमी केलं, पण त्यांची कारणं 'आवश्यकता नाही' अशी सभ्य होती.

मग सात व्हॉल्व लागले आणि पोळ्याच्या आठवड्यात खारवणला पाणी पोचलं. आधी शेपूट भरायचं, मग मागे यायचं. बैल धुवायला गोडं पाणी मिळालं म्हणून गावाने मला ग्रुपवर बैलाचा फोटो पाठवला. उन्हाळ्यात याच ग्रुपवर मी जे काही वाचलं होतं त्या मानाने बैल फारच झाला.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती हे मान्य करतो. एका मोठ्या गावच्या सरपंचांकडे लग्न होतं. जीप घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या वालाचं कुलूप दोन दिवसासाठी खोला. वऱ्हाडी काय कोरडे ठेवू?" मी नाही म्हणालो. ते तणतणत गेले. मी त्यांच्या व्हॉल्वला हात न लावता तीन कोस वरच्या दुसऱ्या फाट्याचा एक व्हॉल्व दीड आटा आवळला. लग्नाच्या दिवशी त्यांच्या टाकीला काठोकाठ पाणी. त्यांना वाटलं देवाची कृपा. मला लग्नाचं बोलावणं नव्हतं, तरी मी त्या दिवशी घरी जिलबी नेली.

नामदेवराव आता सोमवारी येत, पण बाटली आणत नसत. चेहरा अजून सुजलेला आणि चालताना दम लागायचा. दिवाळीनंतर आले तेव्हा पहिल्यांदाच काही मागितलं.

"साहेब, आखजीले नळ येते ना?"

बाहेरच्यांसाठी पुन्हा थोडं थांबतो. आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरतात, वर आंबा ठेवतात आणि दुपारी त्यांना जेवू घालून मग घरचे जेवतात. उन्हाळ्यात पितरांना तहान लागते, म्हणून. एकदा भरून मांडलेली घागर उचलून ओतत नाहीत.

"का बरं?" मी विचारलं.

"माह्या बापानं जिनगीभर खारं पेलं. त्याच्या घागरीतबी दरसाल खारंच भरलं आमी. औंदा गोड भरू म्हटलं." मग म्हणाले, "अन आखजीपावतो मी नसलो तं माही घागर राहीन. सिंधूले सांगून ठेवलं हाय. नळाचंच भरजो, म्हटलं."

सिंधू म्हणजे त्यांची बायको.

मी म्हणालो, "असं काही बोलू नका. आणि आखजीला पहाटेच पाणी येईल. माझा शब्द."

शब्द देताना मला जराही शंका नव्हती. माझ्याकडे सात व्हॉल्व होते. नामदेवराव माघात गेले. मी खारवणला जाऊन आलो. सिंधूबाईंनी मला पाणी दिलं, नळाचं, आणि म्हणाल्या, "पाच मयने तरी गोड पेले ते."

आखजीच्या दोन दिवस आधी वादळ झालं. विजेचे खांब पडले, पंप बंद. दीड दिवस लाइन रिकामी होत गेली. असं वर्षभरात झालं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी वीज आली, पंप सुरू झाले, आणि मी सातही व्हॉल्ववर स्वतः जाऊन आटे मोजून लावले. हिशेबाने पहाटे चारला खारवणला पाणी हवं होतं.

पहाटे पाचला सिंधूबाईंच्या पुतण्याचा फोन आला की नळ नुसता सू सू करतो आहे. सहाला दुसरा, की तेही थांबलं. जीप काढली. पहिला व्हॉल्व, दुसरा, तिसरा, सगळे बरोबर. दाबमापकात दाब भरपूर. बोरवंडच्या अलीकडच्या गावात पाणी वाहत होतं आणि पलीकडच्या गावात थेंब नव्हता. मध्ये लाइन कुठे फुटलेली दिसेना. मी सहावा व्हॉल्व पूर्ण उघडला, मग आवळला, मग पुन्हा उघडला. आठ वाजले. रस्त्याच्या कडेला हातात चावी घेऊन उभा राहिलो आणि मला खरोखर काही सुचेना. वहीत बोरवंडपुढे शून्य होतं, पण अडलं होतं ते बोरवंडलाच.

गुलाबरावांच्या घरी गेलो. ते अंगणात आखजीचीच तयारी करत होते. परड्यातले वाफे वाळून त्यांची ढेकळं झाली होती. मी म्हणालो, "गुलाबराव, खारवणला पाणी जात नाही."

"मंग?"

"तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा."

"कुलूप तुमचं, चावी तुमची. मले काहून विचारून राहिले?"

त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, "सांगा ना त्याईले. सणाचा दिवस हाय."

गुलाबराव उठले. म्हणाले, "हवा हाय साहेब. चढावर हवा बसते. लाइन खाली झाली का हरखेपी बसते. थो पितळी डबा हाय ना, हवा काढाचा, थो पाच वर्षांपासून खारानं जाम झाला. पयल्या साहेबाले दोनदा सांगतलं. मंग मी तोटीनंच काढत जाव. थोडंसं पाणी सांडे, थे माही मंडळी वाफ्यात लावे. सांडलेलं पाणी कोणाच्या तोंडी लागते?"

मी म्हणालो, "हे तुम्ही मला त्या दिवशी का सांगितलं नाही?"

"तुमी 'काहून खोलली' म्हणून विचारलंच नाई. 'चोरून राहिला काय' एवढंच विचारलं. मी नाई म्हटलं. थे खरंच होतं."

माझी चाचणी भरलेल्या लाइनीवर झाली होती. भरलेल्या लाइनीत हवा नसते, म्हणून तोटी बंद ठेवून कोणाला काही कळलं नाही. जिथे शिव्या येत नाहीत तिथे काही महत्त्वाचं नाही, असं मी धरून चाललो होतो. एवढी साधी गोष्ट अकरावी शिकणाऱ्यालाही सांगता आली असती. मी शरमलो. तसं त्यांना म्हणालोही, "चुकलं माझं." त्यावर त्यांनी कुलपाची किल्ली घेण्यासाठी फक्त हात पुढे केला.

तोटी उघडल्यावर पाणी आलं नाही. जोराची हवा सुटली आणि सुटतच राहिली. गुलाबराव तळहात समोर धरून बसले होते. मध्येच तोटी थोडी आवळत, थोडी सोडत. "एकदम सोडली तं लाइन आदळते," म्हणाले. पाऊण तासाने थुंकल्यासारखं थोडं पाणी आलं, मग पुन्हा हवा, मग पाणी. दहा वाजून गेले होते. पुढचे अकरा किलोमीटर रिकामे होते आणि मधली चार गावं तहानलेली. मी बोरवंडच्या पुढच्या व्हॉल्ववर जाऊन त्या चार गावांची तोंडं आवळली आणि जीप खारवणकडे घेतली. बोरवंडहून निघतानाच गुलाबरावांनी तोटीवर पंधरा लिटरचा एक कॅन भरून मागच्या सीटवर ठेवला होता. "तेच पाणी हाय. पोचलं नाई तं हे द्या," म्हणाले.

गुलाबरावांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मी त्यांना परत घेण्याबाबत पत्र लिहिलं, ते मोठं, दीड पानांचं. उत्तर आलं की पाणीचोरीच्या कारणावरून कमी केलेल्या व्यक्तीस पुन्हा घेता येत नाही, आणि सोबत माझ्याच तीन ओळींच्या पत्राची प्रत जोडलेली. पितळी डबा बदलला, तोटीचं कुलूप काढलं, नकाशावर तिच्यावर लाल खूण केली. मी निवृत्त होईपर्यंत वीज गेली की गुलाबराव आपण होऊन तिथे जाऊन बसत. मानधनाशिवाय. मी त्यांना ते करू नका असं कधी म्हणालो नाही, कारण मला त्यांची गरज होती. याचा मला अभिमान नाही.

खारवणला पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. नळ कोरडेच. बायका उंबऱ्यात बसल्या होत्या, काहींनी विहिरीवरून आणलं होतं. मी कॅन उचलून सिंधूबाईंच्या घरात शिरलो. देवळीखाली पाटावर दोन घागरी मांडलेल्या होत्या, एक सासऱ्यांची आणि एक नामदेवरावांची. दोन्हींच्या गळ्याला दोरा, वर आंबा. ताट वाढलेलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "गोडं पाणी आणलंय. लाइनीचंच आहे. नळालाही येईलच आता."

त्यांनी कॅनकडे पाहिलं, मग घागरींकडे.

"भरली ना भाऊ," त्या म्हणाल्या. "सकायपासून वाट पाहिली. जेवाची वेळ झाली, लेकरं कवरिक उपाशी ठेवू? इहिरीचंच भरलं."

मी तसाच कॅन धरून उभा. सिंधूबाईंनीच तो माझ्या हातून घेऊन खाली ठेवला आणि मला बसायला पाट सरकवला.

"तुमी जिवाले लावून नका घेऊ," त्या म्हणाल्या. "त्याईले सवय हाय खाऱ्याची."

मी जेवायला बसलो. दुसरी भाकरी वाढेपर्यंत अंगणातल्या नळाला पाणी आलं. गल्लीतून बायकांचा गलका ऐकू आला, भांडी आपटली, कोणीतरी सिंधूबाईंना हाक मारली. त्या उठल्या, हंडा घेतला आणि पाणी भरायला गेल्या.